शेळ्या-मेंढ्यांतील विषाणुजन्य रोगांचा परस्परप्रसार (ठाणे परिसर)

शेळी आणि मेंढी या जवळच्या, पण भिन्न प्रजाती आहेत. शेळीच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात, मेंढीच्या ५४. तरीही दोघींना होणारे बहुतेक महत्त्वाचे विषाणुजन्य रोग सामाईक असून गोठा, चराईचे रान, पाणवठा किंवा बाजार यांपैकी कोठेही त्या एकत्र आल्या की संसर्ग एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. प्रस्तुत नोंदीत ठाणे जिल्हा (१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यानंतरचा) व नवी मुंबई या परिसराच्या संदर्भात हा प्रसार विचारात घेतला आहे. आंत्रविषार, घटसर, फाशी हे जिवाणुजन्य रोग असल्याने त्यांचा येथे समावेश नाही.

परस्परप्रसाराच्या दृष्टीने पीपीआर (ताप, तोंडातील व्रण व हागवण आणणारा, बुळकांडीसारखा रोग), देवी, मावा (ओठा-हिरड्यांवर खपल्या आणणारा रोग), लाळ्या-खुरकूत आणि नीलजिव्हा (ब्लू टंग) हे रोग प्रमुख होत. प्रत्येकाची वाट वेगळी आहे. पीपीआरचा विषाणू नाका-डोळ्यांतील स्राव, लाळ व पातळ लेंड्यांतून बाहेर पडतो आणि मुख्यतः निकट सहवासाने पसरतो. ऊन आणि उष्णतेत तो लवकर निष्प्रभ होतो. देवी व मावा यांचे विषाणू खपल्यांत महिनोन्‌महिने टिकतात. माव्याच्या कोरड्या खपलीतला विषाणू वर्षभरानंतरही रोग देऊ शकतो. नीलजिव्हा थेट सहवासाने सहसा पसरत नाही, तिला क्युलिकॉइड्स गटातील चिलटे लागतात. रिकाम्या गोठ्यात काही दिवस ऊन खेळू दिले तर पीपीआरचा धोका पुष्कळ कमी होतो. माव्याला मात्र हा उपाय पुरत नाही.

पीपीआर. हा रोग १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे प्रथम वर्णिला गेला. त्याचा विषाणू मॉर्बिली गटातील असून माणसाचा गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर व गुरांची बुळकांडी (रिंडरपेस्ट) यांचे विषाणू त्याचे सगोत्र आहेत. बराच काळ तो बुळकांडीचाच शेळ्यांशी जुळवून घेतलेला प्रकार समजला जाई. १९७९ च्या सुमारास तो स्वतंत्र विषाणू असल्याचे सर्वमान्य झाले. लिम्फपेशींवरील ‘स्लॅम’ आणि श्लेष्मल आवरणाच्या पेशींवरील ‘नेक्टिन-४’ या ग्राही प्रथिनांना चिकटून तो शरीरात शिरतो व पुढे बाहेर पडतो. ही प्रथिने शेळी व मेंढीत जवळजवळ सारखी आहेत, त्यामुळे या प्रजातीतून त्या प्रजातीत जाताना विषाणूला फारसे बदलावे लागत नाही.

भारतात पीपीआरची पहिली निश्चित नोंद १९८७ मधील आहे. ती तमिळनाडूतील अरसूर (आता विळुप्पुरम जिल्हा) येथील मेंढ्यांत झाली. तो देशात केव्हा आला, याविषयी दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे तो ऐंशीच्या दशकात दक्षिणेत शिरला व १९९४ नंतर उत्तरेकडे पसरला. नोंदींचा क्रम पाहता हे मत सरळ वाटते. दुसऱ्या मताप्रमाणे रोग आधीपासून होता, पण शेळ्या-मेंढ्यांतील बुळकांडी म्हणून त्याची नोंद होत राहिली. या मताच्या बाजूने तीन गोष्टी सांगता येतात. दोन्ही रोगांची लक्षणे (ताप, तोंडातील व्रण, हागवण) इतकी सारखी आहेत की प्रयोगशाळेतील विशिष्ट चाचणीवाचून ती वेगळी काढणे अवघड होते, आणि अशा चाचण्या नव्वदच्या दशकातच सर्वदूर पोचल्या. बुळकांडीची ऊतिसंवर्धित लस शेळ्यांना दिल्यास पीपीआरपासूनही संरक्षण मिळे, त्यामुळे लसीकरण चालू होते तिथे रोग दबून राहिला असावा. आणि १९९२ पासून राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन प्रकल्पात पाळत वाढली, पुढे ही लस थांबली, तसतशा पीपीआरच्या नोंदी वाढत गेल्या. बुळकांडीपासून भारत २००६ मध्ये आणि जग २०११ मध्ये मुक्त घोषित झाले. अशा स्थितीत उत्तरेकडील ‘प्रसार’ हा काही अंशी निदानाचा प्रसार मानणे अधिक सयुक्तिक दिसते. भारतातील विषाणू चौथ्या वंशशाखेतील आहेत. ही शाखा आशियात व्यापक आहे, पण तेवढ्यावरून आगमनाचा काळ ठरत नाही.

शेळ्यांत पीपीआर उग्र व मेंढ्यांत सौम्य, असे संदर्भग्रंथांत वारंवार लिहिलेले असते. सर्वसाधारणपणे ते खरे आहे, पण अरसूरची साथ मेंढ्यांतच होती, हे विसरता येत नाही. जात, वय, आधीची प्रतिकारशक्ती आणि प्रवासाचा ताण यांवर तीव्रता अवलंबून असते. शेळीला जुळी-तिळी होण्याचे प्रमाण अधिक असल्याने तिच्या कळपात दर वर्षी नव्या, असंरक्षित करडांची भर पडते. उग्रतेचा काही भाग यामुळेही असावा. रोगाची लक्षणे संसर्गानंतर साधारण ४ ते ६ दिवसांत दिसतात, पण विषाणू त्याच्या आधीच स्रावांतून बाहेर पडू लागतो. बरे झालेले जनावर सहसा पुन्हा आजारी पडत नाही व दीर्घकाळ वाहकही राहत नाही. बऱ्या झालेल्या शेळ्यांच्या लेंड्यांत विषाणूचे अंश काही आठवडे सापडल्याचे अहवाल आहेत, मात्र त्यांपासून नवा संसर्ग होतोच असे म्हणता येत नाही.

ठाणे परिसरातील स्थिती. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या व सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. मेंढ्यांचा भार घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या पठारावर आहे. ठाण्याच्या अतिपावसात दख्खनी मेंढी टिकत नाही, खूर कुजतात. मुरबाड, शहापूर व भिवंडीच्या ग्रामीण भागात जे आढळते ते शेळीपालन, आणि तेही ठाकूर, कातकरी, वारली, कुणबी व आगरी कुटुंबांकडील चार-दहा शेळ्यांचे. एवढ्या लहान कळपात पीपीआरचा विषाणू शिरला तर तो थोड्या दिवसांत सर्वांना गाठतो व नवे भक्ष्य न उरल्याने संपतो. म्हणजे येथे रोग मुरून राहण्यापेक्षा पुन्हा पुन्हा बाहेरून येत असावा, असा तर्क करता येतो. त्याच्या येण्याच्या दोन वाटा ठळक आहेत.

पहिली वाट धनगरांच्या हंगामी स्थलांतराची. दिवाळीच्या सुमारास भात कापून झाल्यावर पठारावरचे मेंढके माळशेजसारख्या घाटांनी कोकणात उतरतात आणि मृग लागण्याआधी वर परततात. रिकाम्या खाचरांत रात्री वाघर (जाळ्याचे कुंपण) लावून मेंढ्या बसवल्या जातात. शेताला खत मिळते, मेंढक्याला धान्य किंवा पैसे. दिवसा गावच्या शेळ्या त्याच खाचरांत चरतात. फाल्गुन-चैत्रात ओढे आटले की उरलेल्या डोहांवर दोन्ही कळप एकाच वेळी येतात आणि सहवास सर्वांत दाट होतो. गावात मरतूक झाली की दोष मेंढक्यांवर ढकलला जातो. तो बहुधा एकतर्फी आहे. वर्षानुवर्षे फिरणाऱ्या कळपातील बरीच जनावरे रोगातून किंवा लसीतून संरक्षित झालेली असतात, आणि गावातल्या आजारी शेळीकडून कोकरांना संसर्ग होणे तितकेच शक्य आहे. या वाटेवर विषाणू दोन्ही दिशांनी चालतो.

दुसरी वाट बाजाराची. खाडीपलीकडे, मुंबईच्या हद्दीतील देवनार येथे बकरी ईदपूर्वी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश व इतर राज्यांतून बोकड मोठ्या संख्येने येतात. भिवंडी, मुंब्रा, कल्याण येथेही त्या दिवसांत खरेदी-विक्री चालते. ट्रकमध्ये दाटीने उभी, तहानलेली, वेगवेगळ्या गावांची जनावरे एकत्र येणे ही पीपीआर, देवी आणि मावा या तिघांनाही पोषक स्थिती होय. कापली जाणारी जनावरे रोग फार पुढे नेत नाहीत. खरा धोका आहे तो न विकल्या गेलेल्या व पैदाशीसाठी ठेवून घेतलेल्या जनावरांचा. चांद्र पंचांगामुळे ईद दर वर्षी सुमारे ११ दिवस आधी येते. २०१५ च्या सप्टेंबरअखेरीपासून २०२५ च्या जूनपर्यंत ती दर वर्षी जून ते सप्टेंबर या काळातच आली. या महिन्यांत येथील शेळ्या पडवीत किंवा माचाणावर दाटीने बांधलेल्या असतात, त्यामुळे बाजारातून आणलेले एक आजारी जनावर सगळ्या दावणीला पुरते. नवी मुंबईच्या शहरी भागात पाळीव शेळ्या-मेंढ्या तुरळक आहेत. तेथे प्रश्न मुख्यतः वाहतुकीचा आहे.

इतर रोग. मेंढ्यांची व शेळ्यांची देवी यांचे विषाणू कॅप्रिपॉक्स गटातील असून रक्तजल चाचणीने ते एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. बहुतेक वाण एका प्रजातीला अधिक झोंबतात, काही दोघींनाही. गुरांचा लंपी त्वचारोग याच गटातला असल्याने २०२२ च्या साथीत महाराष्ट्रातील गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. मावा ओठांवर, हिरड्यांवर व सडांवर येतो. पिणाऱ्या करडाकडून आईच्या कासेला आणि तिच्याकडून दुसऱ्या करडाला तो लागतो, तसाच हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांवरही येतो. लाळ्या-खुरकूत शेळ्या-मेंढ्यांत इतका सौम्य असतो की लंगडण्यापलीकडे काही दिसत नाही. म्हशींच्या तबेल्यांशी संपर्क असेल तिथे याकडे दुर्लक्ष महागात पडते. लेंटिव्हायरस गटातील मंद रोग चीक व दुधातून पसरतात. १९३३ मध्ये जर्मनीतून आइसलँडमध्ये नेलेल्या काराकुल मेंढ्यांबरोबर तेथे मायडी-व्हिस्ना हा याच गटातील मेंढ्यांचा रोग पोचला. वरकरणी निरोगी पैदाशीच्या जनावरांतून रोग कसा देशांतर करतो, याचे हे अभिजात उदाहरण होय.

नीलजिव्हेची भारतातील पहिली नोंद महाराष्ट्रातीलच असून ती १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती शेळ्या व मेंढ्या दोघींतील साथीविषयी होती. आयात केलेल्या विदेशी मेंढ्यांबरोबर विषाणू आला की येथील गुरांत तो पूर्वीपासून लपून होता, याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या मताकडे कल अधिक दिसतो. गुरे-म्हशी विषाणू वागवतात, शेळी बहुधा लक्षणांवाचून सुटते, मेंढी आजारी पडते. चिलटांची पैदास शेणमिश्रित ओल्या चिखलात होते, आणि पावसाळ्यात ठाण्यात तो सर्वत्र असतो. मात्र त्या काळात मेंढ्या घाटावर गेलेल्या असतात. स्थलांतराचे हे वेळापत्रक खुरांसाठी बसले, पण त्याचा लाभ येथेही होत असावा.

नियंत्रण. पीपीआरसाठी भारतात मुख्यतः ‘सुंगरी ९६’ या विषाणूवाणाची जिवंत, क्षीणित (दुबळी केलेली) लस वापरली जाते. ती ३ ते ४ महिन्यांपुढील जनावरांना १ मिलि मात्रेत कातडीखाली टोचतात आणि तिचे संरक्षण किमान ३ वर्षे टिकते असे मानतात. लस शेवटपर्यंत थंड राहिली पाहिजे. शहापूर-मुरबाडच्या आडवळणी पाड्यांवर लसीपेक्षा बर्फाची पेटी पोचवणेच कठीण जाते. जागतिक पातळीवर २०३० पर्यंत पीपीआर निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. या परिसरापुरते पाहता मेंढ्यांना घाट उतरण्याआधी, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, आणि स्थानिक शेळ्यांना ईदच्या किमान महिनाभर आधी लस टोचणे सर्वांत फलदायी ठरेल. जिल्हावार मोहिमांत या दोन तारखा एकत्र बसवल्या जात नाहीत तोवर पाड्यावरच्या चार शेळ्यांच्या मालकाला संरक्षण मिळणार नाही, आणि त्याच्यासाठी त्या चार शेळ्याच बचत असतात. नीलजिव्हेच्या विषाणूच्या पाच उपप्रकारांविरुद्ध (१, २, १०, १६ व २३) निष्क्रिय लस देशात विकसित झाली आहे. लाळ्या-खुरकुतासाठी २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात शेळ्या-मेंढ्यांचाही समावेश करण्यात आला.

विकत आणलेले जनावर २१ दिवस वेगळ्या दावणीला, वेगळ्या भांड्यातून पाणी देऊन ठेवावे, हा पीपीआर व देवी या दोहोंसाठी मानलेला कमाल अधिशयनकाळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) होय. निदानासाठी तापाच्या पहिल्या काही दिवसांतच नाका-डोळ्यांतील स्रावाचे नमुने घ्यावे लागतात. असे नमुने पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे तपासणीस जातात. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार पीपीआर, देवी, नीलजिव्हा व लाळ्या-खुरकूत हे अनुसूचित रोग असून, त्यांचा संशय येताच मालकाने गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळवणे बंधनकारक आहे.