जॅझ अंत्ययात्रा आणि रविवारची सेकंड लाइन: ट्रेमेच्या रस्त्यावरच्या दोन मिरवणुका

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहराच्या रस्त्यांवरचे व्हिडिओ मोबाइलवर सारखे फिरत असतात. पुढे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि खांद्यावर घेतलेला भलामोठा सूझाफोन. मागे छत्र्या नाचवणारी, पांढरे रुमाल फडकवणारी माणसं. खाली कोणीतरी लिहितं, ‘इथे मयतीतसुद्धा लोक नाचतात!’ पण त्यातल्या कितीतरी मिरवणुकांत कोणी गेलेलंच नसतं. ती एखाद्या क्लबची रविवारची वार्षिक मिरवणूक असते, नाहीतर बँड भाड्याने घेऊन निघालेली लग्नाची वरात. आणि खरी जॅझ अंत्ययात्रा असते तेव्हा तिचा पूर्वार्ध सहसा व्हिडिओत येत नाही, कारण त्यात कोणी नाचत नाही. माझ्या मते सगळं मर्म त्या पूर्वार्धात आहे.

या दोन्ही प्रथा ज्या वस्त्यांत वाढल्या, त्यांत ट्रेमेचं नाव आधी घ्यावं लागतं. फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागातून रॅम्पार्ट स्ट्रीट ओलांडला की ट्रेमे सुरू होतो. क्लोद ट्रेमे नावाच्या माणसाची ही जमीन शहराने १८१० मध्ये विकत घेतली आणि प्लॉट पाडून विकली. घेणाऱ्यांमध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीय बरेच होते. गुलामगिरी कायद्याने चालू असलेल्या शहरात स्वतःचं घर असलेली ही माणसं. वस्तीच्या कडेलाच काँगो स्क्वेअर आहे. १८१७ च्या हुकमानंतर गुलामांना फक्त रविवारी आणि महापौर सांगेल त्याच जागी जमायची मुभा उरली. ती जागा ही. तिथे ढोल वाजले, रिंगण धरून नाच झाले, बाजार भरला. पुढे १८४२ मध्ये सेंट ऑगस्टीन चर्च उभं राहिलं, तेव्हा स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी स्वतःसाठी बाकं विकत घेतलीच, शिवाय बाजूची बाकं गुलामांसाठी घेतली. आपल्या पैशातून दुसऱ्याची सोय करायची ही या लोकांची रीत तिथे स्पष्ट दिसते, आणि दोन्ही मिरवणुका त्याच रीतीतून निघाल्या आहेत.

कारण विमा कंपन्या कृष्णवर्णीयांना दारात उभं करत नव्हत्या. मग लोकांनी परस्पर मदतीच्या सोसायट्या काढल्या. वर्गणी भरायची; आजारपणात डॉक्टर आणि औषधपाणी सोसायटी बघणार, मेल्यावर इभ्रतीने दफन सोसायटी करणार. १८८४ मध्ये स्थापन झालेली ‘यंग मेन ऑलिंपियन’ ही अशी संस्था आजही चालू आहे. सभासद गेला की बँड लावून त्याला पोचवायचं, हे सोसायटीचं एक काम. वर्षातून एकदा एकसारख्या पोशाखात, निशाण घेऊन वस्तीतून फिरायचं, आम्ही भक्कम आहोत हे दाखवायचं, हे दुसरं. संस्था एकच, बँड तोच, रस्तेही तेच. गोंधळाचं मूळ इथे आहे.

आता अंत्ययात्रा जवळून पाहू. शवपेटी चर्चमधून बाहेर येते तेव्हा बँड रस्त्यावर वाट बघत उभा असतो. सर्वांत पुढे ग्रँड मार्शल, म्हणजे मिरवणुकीचा म्होरक्या: काळा सूट, खांद्यावरून आडवा पट्टा, टोपी काढून छातीशी धरलेली. तो एक पाऊल टाकतो, थांबतो, मग दुसरं टाकतो. स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल केलेल्या असतात. पूर्वी तारांखाली रुमालही सरकवत. त्यामुळे ड्रमचा नेहमीचा कडकडाट जातो आणि बसका, पोकळ ठोका उरतो. त्या ठोक्यावर ‘जस्ट अ क्लोजर वॉक विथ दी’सारखी प्रार्थनागीतं इतकी संथ वाजतात की दोन सुरांमधला श्वास ऐकू येतो. घरची माणसं शववाहिकेमागून चालतात.

मग दफनभूमीपाशी, किंवा ती लांब असेल तर वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी, बँड आणि लोक दोन्ही बाजूंना सरकतात आणि शववाहिका मधून निघून जाते. याला ‘कट द बॉडी लूज’ म्हणतात: देहाला निरोप दिला, आता तो मोकळा झाला. ड्रमवाला तारा पुन्हा ताणतो, ट्रम्पेट उसळतो आणि छत्र्या उघडतात. हा नाच दुःख विसरायला नसतो. गेलेल्याचे हाल संपले, तो देवाघरी पोचला, ही श्रद्धा त्यामागे असते. आधीचा तो जड रस्ता चालल्याशिवाय या नाचाला अर्थ नाही.

रविवारच्या मिरवणुकीत जड रस्ता मुळातच नाही. पहिल्या मिनिटापासून लय द्रुत. उन्हाळ्याचे कडक आठवडे सोडले तर वर्षभर जवळजवळ दर रविवारी कोणत्या ना कोणत्या क्लबची पाळी असते. या संस्थांना आता ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ म्हणतात. सभासद नखशिखांत एका रंगात येतात, टोपी, सूट, बूट, हातात पिसांचा पंखा, आणि त्या पोशाखासाठी वर्षभर पैसे साठवलेले असतात. मार्ग आधीच छापून वाटलेला असतो. साधारण चार तास चालायचं, मधे ठरलेल्या बारपाशी किंवा दिवंगत सभासदाच्या घरापाशी थांबायचं. सभासद आणि बँड यांच्या दोन्ही बाजूंनी दोर धरलेले असतात. दोराच्या आत क्लब, ती पहिली ओळ. बाहेर आणि मागे जो कोणी चालेल, नाचेल, बाटलीवर ठेका धरेल, ती सेकंड लाइन. अंत्ययात्रेतही बँड आणि कुटुंबामागे येणाऱ्या लोकांना हेच नाव आहे, म्हणून बाहेरच्याला दोन्ही एकच वाटतं. ओळखायचं तर पुढे पाहावं: तिथे शवपेटी आहे की क्लबचं निशाण?

हा फरक न कळल्याने लोकांना त्रास झालेला आहे. सप्टेंबर २००७ मध्ये न्यू बर्थ ब्रास बँडचा तरुण ट्यूबावादक कर्विन जेम्स गेला. दफनाआधीच्या संध्याकाळी वादक आणि शेजारी त्याच्या आठवणीत वाजवत, गात ट्रेमेतून फिरत, ही तिथली जुनी रीत. १ ऑक्टोबरला पोलिसांच्या गाड्या आल्या, विनापरवाना मिरवणूक म्हणून ती थांबवली गेली आणि दोन वादकांना पकडून नेलं. रविवारच्या मिरवणुकीला परवाना लागतो, मान्य. पण शेजारचा पोरगा गेल्यावर रडायला परवाना कसा मागायचा? दुसऱ्या संध्याकाळी लोक परवाना घेऊन पुन्हा निघाले. त्याआधी, २००५ च्या कॅटरिना वादळानंतर, रविवारच्या मिरवणुकांचं पोलीस शुल्क इतकं वाढवलं होतं की क्लब संघराज्याच्या न्यायालयात गेले. २००७ मध्ये तडजोड होऊन ते कमी झालं. दोन मिरवणुका, दोन वेगळे तंटे, पण प्रश्न एकच: हा रस्ता कोणाचा?

त्याचं उत्तर वस्तीला एकदा फार वाईट मिळालं आहे. ट्रेमेच्या क्लेबोर्न अॅव्हेन्यूच्या मधोमध ओकच्या झाडांच्या रांगा होत्या, सावलीत कुटुंबं बसत, दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयांची दुकानं. १९६६ मध्ये ती झाडं तोडली आणि तिथून आय-१० महामार्गाचा पूल नेला. आजही मिरवणुका मुद्दाम त्या पुलाखालून जातात. काँक्रीटखाली पितळी वाद्यांचा आवाज दुप्पट घुमतो आणि गर्दी तिथे सर्वांत जोरात नाचते.

दोन्हींमधली सीमारेषा आता वस्तीतही हलते आहे. डर्टी डझन या बँडने १९७७ पासून आणि रीबर्थ या बँडने १९८३ पासून ब्रास बँडमध्ये फंक हे ठेक्याचं नाचरं संगीत आणलं, आणि कोवळ्या वयात गोळीबाराला बळी पडलेल्या मुलांच्या अंत्ययात्रांत मित्रांना सुरुवातीपासूनच द्रुत लय हवीशी वाटू लागली. जुन्या वादकांना हे खटकतं. मला त्यांचं पटतं, पण एकोणीस वर्षांच्या मित्राला पुरणाऱ्या मुलांवर बोट दाखवायला मन धजत नाही. उलट, जुन्या रीतीच्या माणसांनीही चाकोरी मोडलेली आहे. ट्रेमे ब्रास बँडचे बेस ड्रमवादक लायोनेल बतीस्त, सगळ्यांचे ‘अंकल लायोनेल’, जुलै २०१२ मध्ये गेले तेव्हा दर्शनासाठी त्यांचा देह शवपेटीत नव्हता. सूट, टोपी, काळा चष्मा अशा नेहमीच्या थाटात तो दिव्याच्या खांबाला टेकून उभा केला होता.

लग्नाच्या वरातींबद्दल फार बोलायला नको. वादकांना त्यातून चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. फक्त अशा वरातीला कोणी वारसा म्हणू नये.

कधी न्यू ऑर्लीन्सला गेलात तर रविवारच्या मिरवणुकीत खुशाल मागे सामील व्हा. निमंत्रण लागत नाही, दोराच्या आत मात्र शिरू नका, आणि गाडीवर भाजलेलं सॉसेज विकणाऱ्याकडून काहीतरी घ्या. अंत्ययात्रा दिसली तर बँड संथ आहे तोवर कॅमेरा खिशात ठेवा आणि कुटुंबाच्या बऱ्याच मागे राहा. या साऱ्याची ओळख आधी करून घ्यायची असेल तर ट्रेमेतच बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियम आहे. सिल्व्हेस्टर फ्रान्सिस यांनी वर्षानुवर्षं या मिरवणुकांचं आणि अंत्ययात्रांचं चित्रण केलं आणि १९९९ मध्ये एका जुन्या फ्युनरल होमच्या इमारतीत ते सुरू केलं. २०२० मध्ये फ्रान्सिस गेले, २०२१ च्या आयडा वादळात इमारतीचं नुकसान झालं. संग्रहालय आता त्याच वस्तीत सेंट फिलिप स्ट्रीटवर आहे.