ई-मेलवरची सही मोडते कुठे?

व्यवसायाच्या डोमेनवरून पाठवलेले कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडले की पहिला संशय मजकुरावर घेतला जातो. पण पुष्कळदा दोष असतो तो मेलच्या शीर्षभागात असलेल्या आणि एरवी डोळ्यांना न दिसणाऱ्या डीकेआयएम सहीत, म्हणजे मेल खरोखर त्याच डोमेनकडून आला आणि वाटेत बदलला नाही हे पटवणाऱ्या डिजिटल खुणेत. याहू आणि सिस्को यांच्या दोन स्वतंत्र पद्धती एकत्र करून घडवलेली ही सही २००७ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी २०२४ पासून तर जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलने ती सक्तीची केली आहे.

पाठवणारा सर्व्हर मजकुरावरून एक हॅश, म्हणजे त्या मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा काढतो आणि तो हॅश, प्रेषक, विषय अशा नोंदींवर मिळून खासगी किल्लीने सही करतो. जोडीची सार्वजनिक किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, सर्वांसाठी खुली असते, आणि मेल स्वीकारणारा सर्व्हर तिच्या आधारे सही पडताळतो.

म्हणूनच दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पोहोचलेल्या मेलचे शीर्षभागासकटचे मूळ रूप उघडून त्यातील 'ऑथेंटिकेशन रिझल्ट्स' ही नोंद वाचावी. घाईने नवी किल्ली तयार करणे हा माझ्या मते सर्वांत वाईट उपाय आहे. किल्लीच सापडली नाही असे तिथे लिहिले असेल, तर चूक डीएनएसमध्ये आहे. २०४८ बिटांची किल्ली अक्षरांत लिहिली की जवळपास ४०० अक्षरांची होते, परंतु ती जिथे ठेवतात त्या डीएनएसच्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीतील एका तुकड्यात २५५ च मावतात. त्यामुळे ती दोन तुकड्यांत, प्रत्येकाला स्वतंत्र अवतरणचिन्हे देऊन भरावी लागते. डीएनएस नोंदी भरण्याची काही पॅनेल नोंदीच्या नावापुढे डोमेन आपणहून जोडतात, आणि आपणही ते लिहिले असेल तर डोमेन दोनदा येऊन किल्ली भलत्याच पत्त्यावर जाते.

मजकुराचा हॅश जुळला नाही, अशी नोंद असेल तर मात्र डीएनएसला हात लावू नये. किल्ली सापडलेली असते. सही झाल्यानंतर वाटेत कोणीतरी मजकूर बदललेला असतो. बहुतेक वेळा तो 'कोणीतरी' आपल्याच कार्यालयातला गेटवे, म्हणजे मेल बाहेर सोडणारा सर्व्हर असतो, जो बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली गोपनीयतेची सूचना चिकटवतो. हॅश काढण्याची 'रिलॅक्स्ड' (सैल) पद्धत शब्दांमधल्या जादा मोकळ्या जागा चालवून घेते, पण मजकुराची एखादी नवी ओळ नव्हे. सूचना आधी आणि सही सर्वांत शेवटी, असा क्रम लावला की हा दोष दूर होतो.

सही उत्तीर्ण होऊनही डीमार्क, म्हणजे पडताळलेले डोमेन प्रेषकाच्या डोमेनशी जुळते का हे पाहणारी तपासणी, नापास होतो, तेव्हा सहीतले डोमेन तपासावे. मेल पाठवणारी बाहेरची सेवा अनेकदा स्वतःच्या नावाने सही करत असते आणि तिला आपल्या डोमेनची सही करायला लावावी लागते.

किल्ली खरोखरच बदलायची असेल, तर नवीसाठी वेगळा सिलेक्टर, म्हणजे डीएनएसमध्ये किल्ली ओळखायचे नाव, घ्यावा आणि जुनी नोंद निदान आठवडाभर राहू द्यावी, कारण रांगेत अडकलेले मेल काही दिवसांनी पोहोचतात आणि त्यांच्यावरची सही जुन्याच किल्लीने पडताळली जाते.