फुलदाणीतलं 'सोनं' तांब्याचं निघतं तेव्हा

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात काचेची एक फुलदाणी १,०७,१०० डॉलरला गेली. व्हर्जिनियातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ती जेमतेम चार डॉलरला मिळाली होती! व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या वेनिनी कारखान्यासाठी इटालियन वास्तुरचनाकार कार्लो स्कार्पाने १९४२च्या सुमारास केलेली ही रचना. अशा बातम्यांपाठोपाठ एक सल्ला हमखास फिरतो: अतिनील टॉर्चखाली चमकली की काच मुरानोची. छे! हिरवी चमक युरेनियमची किंवा मँगनीजची असू शकते. काचेचं गाव टॉर्चला कळत नाही.

मला भुरळ पडते ती मुरानोच्या काही फुलदाण्यांमधल्या सोनेरी पट्ट्यांची. सोन्याचा वर्खही तिथे वापरतात, पण काच फुगवताना तो फाटतो आणि त्याचे वेडेवाकडे कपटे होतात. फुलदाणी फिरवताना बारीक ठिपके लुकलुकले, तर बहुधा ते तांबं. दहापट भिंगाखाली सरळ कडांचे त्रिकोणी, षटकोनी पत्रे दिसतात. ही अव्हेंच्युरीन काच. मुरानोत ती सतराव्या शतकापासून बनते.

एरवी काचेत कॉपर ऑक्साइड घातलं की निळसर-हिरवा रंग येतो, कारण तांब्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. लोखंडाचा कीस किंवा कथिल घातलं की त्यातला एक परत मिळतो आणि एकच इलेक्ट्रॉन गमावलेले तांब्याचे अणू, म्हणजे Cu⁺ आयन, तप्त काचेत विरघळून राहतात. काच निवू लागली की समतोल सरकतो, उरलेला इलेक्ट्रॉनही मिळतो आणि धातुरूप तांबं सुटं होतं. झटकन निववली तर अणूंना एकत्र यायला वेळच मिळत नाही. तीच काच पुन्हा बेताने तापवली तर नॅनोमीटर आकाराचे कण बनतात आणि ती माणकासारखी लाल होते. भट्टी बंद करून सावकाश निववली, तर स्फटिक जिथून वाढू लागतात ती केंद्रकं मोजकी राहतात आणि खडीसाखरेसारखे ठसठशीत स्फटिक वाढतात. वरच्या थरातल्या तांब्याचे इलेक्ट्रॉन हवेतला ऑक्सिजन काढून घेतो, म्हणून उत्तम माल मुशीच्या पोटात असतो आणि मूस फोडूनच तो काढावा लागतो.

आपल्याकडे हीच काच 'सनसितारा' म्हणून अंगठीत बसवतात, सूर्य बलवान करायला. सूर्याला काचेच्या भट्टीची मदत लागते म्हणायची!

तांबं ओळखता आलं म्हणून फुलदाणी जुनी ठरत नाही; अव्हेंच्युरीन आजही बनते, चीनमध्येसुद्धा. बूड उलटून पाहा. वेनिनीच्या बऱ्याच जुन्या वस्तूंवर आम्लाने उमटवलेला शिक्का असतो. कागदी लेबल काय, कुणीही चिकटवतं.