पंधराच्या वेगाला जागा कुठे?

मुलगी आठ वर्षांची झाली आणि शाळेत सायकलने जायचा हट्ट धरून बसली. शाळा दीड किलोमीटरवर. मधला रस्ता पुण्यातल्या कुठल्याही रस्त्यासारखा: डावीकडे उभ्या गाड्या, त्यांना वळसा घालणाऱ्या रिक्षा, मागून बस. म्हणून मी तिला फुटपाथवर घातलं आणि लक्ष ठेवायला माझीही सायकल वर चढवली. बसस्टॉपपाशी एक आजी उभ्या होत्या, हातात भाजीची कापडी पिशवी. मुलीच्या सायकलचं हँडल त्यांच्या पदराला घासून गेलं. त्यांनी मान वळवून पाहिलं, इतकंच. पाठोपाठ माझं हँडल पिशवीच्या बंदात अडकलं. आजी अर्धवट फिरल्या, तोल गेला, स्टॉपचा खांब हाताशी होता म्हणून सावरल्या. मी उतरून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पोरीचं ठीक आहे गं, लहान आहे. तू कशाला वर चढलीस?"

आजींच्या या प्रश्नात सगळा वाद आला. सायकलस्वारांनी फुटपाथवरून जावं की नाही, हे सायकल या वस्तूकडे बघून ठरत नाही. ते वजन आणि वेग यांवर ठरतं.

शाळेत शिकलेलं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. 70 किलोचा माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरलं (पादचारी सिग्नलची वेळ ठरवतानाही साधारण हाच वेग धरतात), तर त्याच्या अंगात 50 ज्यूल ऊर्जा असते. माझी मुलगी सायकलसकट 32 किलो. ताशी 8 किलोमीटरच्या वेगाला तिची ऊर्जा 80 ज्यूल होते, म्हणजे भरभर चालणाऱ्या मोठ्या माणसाइतकी. त्या सकाळी मीही तिच्याच वेगाने जात होते, पण सायकलसकट माझं वजन 75 किलो. म्हणजे 185 ज्यूल. आणि मी एरवी चालवते तशी ताशी 15 किलोमीटरने गेले असते तर 650. वेग दुपटीहून थोडा कमी वाढला, तरी ऊर्जा साडेतीन पट झाली. हा वर्गाचा हिशेब आहे आणि तो कुणालाच सूट देत नाही.

आता याच मापाने रस्त्याकडे बघू. 1200 किलोची मोटार ताशी 50 किलोमीटरने जाते तेव्हा तिच्यात 1 लाख 15 हजार ज्यूल असतात, माझ्या पंधराच्या वेगाच्या पावणेदोनशे पट. फुटपाथवर चालणाऱ्यापेक्षा मी तेरा पट जड, तर रस्त्यावरच्या मोटारीपुढे पावणेदोनशे पट हलकी. माणसं सायकल वर का चढवतात ते एवढ्या आकड्यांतच कळतं. ती बेशिस्त नसतात, घाबरलेली असतात. पण आपली भीती आपण फुटपाथवरच्या माणसाच्या अंगावर नेऊन घालतो, हेही तितकंच खरं.

चालणाऱ्याला खरी इजा बहुतेकदा सायकलच्या धडकेपेक्षा पडण्याने होते. उभ्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास गेलेला असतो. म्हणजे धक्का हलका असला तरी पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. तरुण माणूस हात पुढे टाकतो, गुडघा सोलवटून उठतो. सत्तरीतल्या माणसाचे हात तेवढ्या वेळात पुढे येत नाहीत आणि हाडं ठिसूळ झालेली असतात. खुब्याचं हाड मोडलं की कित्येक आजी-आजोबांचं घराबाहेर पडणंच थांबतं. आजींच्या हाताशी तो खांब नसता तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

"मी सांभाळून चालवतो, घंटी वाजवतो," असं सायकलवाले सांगतात. मीही सांगायचे. पंधराच्या वेगात सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त अंतर जातं. समोर काही आलं हे डोळ्यांना दिसून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, पुढे सायकल थांबायला आणखी तीन मीटर. एकूण सात. फुटपाथवरचा माणूस मात्र सरळ रेषेत चालत नाही. तो दुकानाकडे वळतो, खड्डा चुकवतो, फोन वाजला की जागेवर थांबतो, आणि त्याला तसं करता यावं यासाठीच फुटपाथ असतो. शिवाय मागून येणाऱ्या सायकलला आवाज नसतो. घंटी वाजली तरी कुणी डावीकडे सरकतो, कुणी उजवीकडे, कुणी दचकून मधेच उभा राहतो. ज्याला दिसत नाही, तो काठीने पिवळ्या उठावाच्या फरशा चाचपत चाललेला असतो. त्याने कुठे सरकायचं?

मग हळू चालवावी, चालण्याच्या वेगाने? इथे सायकलचं स्वतःचं शास्त्र आडवं येतं. सायकल एका बाजूला कलली की आपण नकळत हँडल त्याच बाजूला वळवतो आणि चाकं पुन्हा शरीराच्या खाली आणतो. वेग चांगला असेल तर हँडल जरासं वळवलं तरी भागतं. वेग कमी झाला की तेवढाच तोल सावरायला हँडल बरंच जास्त फिरवावं लागतं, म्हणून हळू चाललेली सायकल नागमोडी जाते आणि जास्त रुंदी खाते. डेल्फ्ट, कॉर्नेल आणि नॉटिंगहॅम या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2007 साली एका ठरावीक मापाच्या सायकलचं गणित तपशिलात मांडलं. वर बसलेल्याने हँडलला हात न लावता, न हलता बसून राहायचं असं धरलं, तर ती सायकल आपली आपण उभी राहते सेकंदाला 4.3 ते 6 मीटर या वेगात, म्हणजे ताशी साडेपंधरा ते साडेएकवीस किलोमीटर. त्याखाली तोल सांभाळायचं काम स्वारावर येतं आणि वेग जितका कमी तितकं ते कठीण होतं. सायकलला जो वेग मानवतो तो फुटपाथला झेपत नाही, आणि फुटपाथला जो मानवतो त्या वेगात सायकल डगमगते.

फुटपाथ सायकलवाल्यासाठी तरी सुरक्षित असतो का? तोही समज तपासून बघावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहरातल्या सायकल-मोटार धडकांचा अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. चौकांमध्ये आणि गाड्या आत-बाहेर करण्याच्या जागांवर फुटपाथवरच्या सायकलस्वारांना रस्त्यावरच्या सायकलस्वारांपेक्षा सरासरी 1.8 पट धोका होता. कारण आपल्या सोसायट्यांच्या फाटकांपाशी रोज दिसतं. कंपाउंडची भिंत डोक्याएवढी, आणि मोटारीचं नाक चालकाच्या बरंच पुढे. चालकाचे डोळे भिंतीबाहेर येईपर्यंत गाडीचं नाक फुटपाथभर पसरलेलं असतं. चालणारा तीन मीटर अंतर अडीच सेकंदांत कापतो, तेवढ्यात चालक त्याला बघून ब्रेक दाबतो. सायकलवाला तेच अंतर पाऊण सेकंदात कापतो. चालकाच्या मनात फुटपाथवर चालणारी माणसं असतात, चालण्याच्या वेगाची. त्या वेगापलीकडचं तो शोधतच नाही.

कायद्यांना हे फार जुन्या काळापासून उमगलेलं आहे. इंग्लंडमध्ये फुटपाथवर गाडी हाकायला 1835 च्या कायद्याने बंदी आली, तेव्हा पायडलची सायकल जन्मलीही नव्हती. 1888 मध्ये सायकल ही गाडीच आहे असं ठरवून तिलाही त्यात आणलं. जपानने 1970 साली, मोटारींखाली माणसं मरत होती म्हणून, ठरावीक फुटपाथ सायकलींना मोकळे केले. तिथे ती सवय इतकी मुरली की सायकलींना पुन्हा खाली आणण्यासाठी नियम कडक करत जावे लागले. मला सर्वांत शहाणा वाटतो तो जर्मनीचा नियम. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी सायकल फुटपाथवरूनच न्यायची (वेगळा सायकलमार्ग असेल तर त्यावरून चालतं), दहापर्यंत मुभा, पुढे खाली उतरायचं. 80 ज्यूल आणि 650 ज्यूल यांतला फरक त्या नियमात वयाच्या रूपाने आला आहे. आपल्याकडे 1951 च्या पोलीस अधिनियमात फुटपाथवर वाहन चालवायला मनाई आहे आणि अपवाद फक्त बाबागाडीचा. आठ वर्षांच्या मुलीचा विचार त्यात नाही. माझ्या मते तो व्हायला हवा.

मोठ्यांसाठी मात्र माझं मत आता पक्कं आहे: वर चढायचं नाही, आणि चढावंच लागलं तर उतरून सायकल हातात धरून चालायचं. सायकलवरून उतरलात की तुम्ही पादचारी. पण एवढं सांगून महापालिकांना सुटू देता कामा नये. पंधराच्या वेगाला पाचच्या आणि पन्नासच्या मधली तिसरी पट्टी लागते. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर 3 हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत 400 हून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले तेव्हा तिथल्या शहरांनी ही पट्टी आखायला घेतली. पुण्यात 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथला लागून सायकलमार्गही आला. पण कागदावरची पट्टी आणि मोकळी पट्टी यांत अंतर असतं. जिथे तिसऱ्या पट्टीला जागाच नाही, तिथे मोटारींचा वेग 30 वर आणावा. पन्नासवरून तीसवर आलं की त्यांची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशावर येते, आणि सायकल खालीच राहू शकते.

त्या प्रसंगानंतर एका रविवारी मुलगी आणि मी मोजपट्टी घेऊन शाळेपर्यंत गेलो. भारतीय रस्ते परिषदेच्या 2012 च्या मार्गदर्शिकेत चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. आम्हाला ती दोन ठिकाणी सापडली. विजेची डीपी आणि गुलमोहराचं खोड यांच्यामध्ये भरली 95 सेंटिमीटर, आणि तिच्या सायकलचं हँडल 52. तिने पट्टी गुंडाळली आणि विचारलं, "आजी इथून पिशवी घेऊन जातात तेव्हा मी कुठे थांबू?" आम्ही खोडाच्या अलीकडची जागा ठरवली. आता तिथे ती एक पाय टेकवून उभी राहते, आणि मी खालून, रस्त्याच्या कडेने, तिच्या बरोबरीने जाते.