मटण रस्सा (इंदूर)

हाडांसकट कापलेले बोकडाचे मांस मंद आचेवर शिजवून, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात केलेले पातळ कालवण म्हणजे मटण रस्सा. इंदूरच्या मांसाहारी मराठी घरांत थोड्या मांसात मोठे कुटुंब पोटभर जेवू घालण्याची ही रीत आहे. पाश्चात्त्य घरांत गोमांसाच्या स्वस्त, चिवट तुकड्यांचा बटाटे-गाजरे घालून स्ट्यू करतात, त्यामागचे तत्त्वही हेच; मध्य प्रदेशात मात्र गोवंशहत्येला २००४ च्या कायद्याने बंदी आहे.

सहा माणसांना अर्धा किलो मटण पुरते, पण ते मान, सीना आणि एखादी नळी असे मिसळून घेतलेले हवे. नुसते मऊ तुकडे निवडून घेणे ही रश्श्याच्या बाबतीत चूकच होय, कारण रश्श्याला अंग येते ते हाडांजवळच्या चिवट भागातले कोलॅजन सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन झाल्यामुळे. पातेल्यात याला दीड-दोन तास लागतात. कुकरमध्ये वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात. हळद, मीठ, आले-लसूण लावलेले मांस परतल्यावर त्यात आधणाचेच पाणी घालावे, गार नव्हे. मांस शिजून जे पाणी उरते त्याला अळणी म्हणतात. नाव अळणी असले तरी त्यात मीठ असते, तिखट तेवढे नसते. म्हणून वाटण पडण्यापूर्वी लहान मुलांच्या भातावर ते वाढतात.

खरी कसोटी वाटणाची. कांदे सालीसकट विस्तवावर ठेवतात. वरची साल कोळशासारखी झाली आणि दाबल्यावर कडेने रस फसफसू लागला की कांदा आत मऊ झाला. सुके खोबरे तांबूस होताच काढावे लागते, क्षणभर उशीर झाला तरी सगळा रस्सा कडवट होतो. दाटपणासाठी चमचाभर खसखस घालतात. ती माळव्यातच, मंदसौर-नीमच भागातल्या अफूच्या शेतीतून येते, तरीही महाग असते. तिच्याऐवजी मूठभर डाळे वाटून घातले तर चवीत फारसे उणे वाटत नाही. वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, मगच अळणी ओतावे. घाई होते ती याच ठिकाणी, आणि मग कच्च्या लसणाचा वास जेवण संपेपर्यंत जात नाही.

मांस वाढवायचे तर माळव्याचा बटाटा आहेच. तीन-चार बटाट्यांचे मोठाले तुकडे अखेरच्या पंधरा-वीस मिनिटांत सोडले की ते फुटत नाहीत आणि रस्सा पिऊन घेतात.

श्रावणात मांस वर्ज्य असल्याने त्याआधीच्या आखाडात हा रस्सा हमखास होतो. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, तर इंदुरातल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांच्या पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे शेजारी सावन लागून उपास सुरू झालेले असतात, त्याच पंधरवड्यात मराठी घरात आखाडाचा रस्सा शिजत असतो.