ट्रीबर्गचा धबधबा जर्मनीतला सर्वांत उंच नाही

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलभागाच्या सहलीची जाहिरात उघडली की हे वाक्य हमखास भेटतं: ‘ट्रीबर्ग, जर्मनीतला सर्वांत उंच धबधबा.’ वर्षानुवर्षं एकाचं बघून दुसरा छापतोय. पण ते खरं नाही.

ट्रीबर्गला गुटाख नदी १६३ मीटर खाली येते, हा आकडा बरोबर आहे. मात्र ती सलग कोसळत नाही. सात टप्प्यांत, खडकांवरून उड्या मारत उतरते. म्हणजे १६३ मीटर ही सगळ्या टप्प्यांची बेरीज. एका जागी उभं राहून वर बघितलं तर त्यातला एक तुकडाच दिसतो.

बरं, बेरीज धरली तरी पहिला नंबर जातो जर्मनीच्याच बव्हेरिया राज्यातल्या र्‍योटबाख धबधब्याकडे. त्याची उंची सुमारे ४७० मीटर. मग नाव ट्रीबर्गचंच का? कारण साधं आहे: ट्रीबर्गला रेल्वे जाते, गावातून चालत धबधबा गाठता येतो. र्‍योटबाखसाठी आधी कोनिग्सझे तलाव बोटीने ओलांडायचा, मग ओबरझे या दुसऱ्या तलावाच्या काठाने पायपीट. तिथे गर्दी कुठून होणार?

ट्रीबर्गला जरूर जा, देवदारांसारख्या उंच झाडांतली ती पायवाट सुंदरच आहे. तिकीट मात्र काढावं लागतं.