सिम्युलेशनमधली दीर्घिका आणि दुर्बिणीतली दीर्घिका

काळ्या आकाशात लालसर ठिपके विखुरलेलं चित्र समोर आलं, की मी आधी त्याखालची ओळ वाचते. हे जेम्स वेब दुर्बिणीने टिपलंय की महासंगणकाने घडवलंय? नुसतं बघून कळेलच असं नाही. वेबच्या चित्रातले रंगसुद्धा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला नंतर दिलेले असतात. पण दोन्ही चित्रं ज्या वाटेने तयार होतात, त्या वाटा अगदी उलट आहेत.

सिम्युलेशन, म्हणजे महासंगणकात गणिताने घडवलेलं विश्व, सुरू होतं द्रव्यापासून. महास्फोटानंतर द्रव्य कुठे किंचित दाट, कुठे विरळ होतं, याचा ठसा वैश्विक पार्श्वप्रारणात, म्हणजे त्या काळापासून विश्वभर पसरलेल्या मंद प्रारणात, आहे. तिथून गुरुत्वाकर्षण, वायूचं थंड होणं, ताऱ्यांचा जन्म, अतिनवताऱ्यांचे (सुपरनोव्हांचे) स्फोट असं गणित पुढे नेलं जातं. दीर्घिकेचं वस्तुमान इथे आयतं माहीत असतं. तिचा प्रकाश मात्र हिशेब करून काढावा लागतो. शिवाय यातला तारा म्हणजे एक तारा नव्हे. टीएनजी-५० या सिम्युलेशनमध्ये एक 'तारा-कण' साधारण ८५ हजार सूर्यांइतका जड असतो. त्याहून बारीक घडामोडी सूत्रांत बसवलेल्या असतात.

दुर्बिणीच्या हाती येतो फक्त प्रकाश. अंतर, वय, वस्तुमान ही सगळी त्यावरून काढलेली अनुमानं. ती किती फसवी ठरू शकतात, याचं एक उदाहरण २०२२ मधलं. एका दीर्घिकेच्या रंगांवरून तिची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश लाल बाजूकडे किती ताणला गेला, याचं माप; जितकं जास्त, तितकी दीर्घिका दूरची आणि आधीच्या काळातली) १६ च्या आसपास काढली गेली, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम २५ कोटी वर्षांनी ती चमकत होती. पुढे वर्णपट घेतला, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार बारकाईने पसरवून पाहिला, तर आकडा निघाला ४.९, म्हणजे सुमारे १२० कोटी वर्षं. तिच्यातल्या तप्त वायूच्या प्रखर रेषा नेमक्या अशा फिल्टरांत पडल्या होत्या, की ती फार दूरची भासली.

म्हणून 'वेबने सिम्युलेशन खोटं पाडलं' असा मथळा दिसला, की मला विचारावंसं वाटतं: तुलना तेजाची झाली की वस्तुमानाची? महास्फोटानंतर सुमारे ३० कोटी वर्षांनी चमकणारी जेडीज-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका अपेक्षेपेक्षा खूपच तेजस्वी आहे, हे खरं. पण मोजके तरुण, महाकाय तारे अख्ख्या दीर्घिकेला उजळवू शकतात. 'फायर' नावाच्या सिम्युलेशनांत ताऱ्यांचा जन्म थांबून थांबून, भडक्याभडक्याने होतो; नेमक्या भडक्याच्या वेळी पाहिलं, तर हलकी दीर्घिकाही जड वाटते.

खरी तुलना करायची, तर सिम्युलेशनमधल्या दीर्घिकेलाच दुर्बिणीसमोर उभं करावं लागतं. तिचा प्रकाश धुळीतून न्यायचा, ताम्रसृतीने ताणायचा, दुर्बिणीइतका धूसर करायचा, त्यात नॉइज मिसळायचा आणि मग खऱ्या निरीक्षणांसाठी वापरतात त्याच पद्धतीने ती मोजायची.

एवढं करूनही चौकटीचा, म्हणजे सिम्युलेशन विश्वाचा केवढा तुकडा घडवतं याचा, प्रश्न उरतो. टीएनजी-५० ची बाजू आजच्या हिशेबाने साधारण १७ कोटी प्रकाशवर्षं. अतिदुर्मिळ तेजस्वी दीर्घिका तेवढ्या जागेत सापडेलच असं नाही. त्याच मालिकेतल्या टीएनजी-३०० ची चौकट जवळपास १०० कोटी प्रकाशवर्षांची, पण तिथला एक तारा-कण सुमारे १ कोटी १० लाख सूर्यांचा. सुरुवातीची छोटी दीर्घिका त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कणांची होते.